उजनीचे पाणी का चमकत नाही?

वल्हे पाण्यात बुडाले की त्याच्याभोवती निळा प्रकाश उमटतो. वर काढले की ठिबकणारे थेंबही क्षणभर चमकतात. अंदमानातील स्वराज द्वीपावर वाटाड्यासोबत निघणाऱ्या रात्रीच्या कयाक सफरी याच दृश्यासाठी असतात. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यांवरूनही हिवाळ्यात निळ्या लाटांच्या बातम्या येतात. सोलापूरकराला मग प्रश्न पडतो : ११७ टीएमसीचे उजनी धरण उशाला असताना त्याचे पाणी असे कधीच का उजळत नाही?

हा प्रकाश पाण्याचा नसतो, पाण्यातल्या डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांचा असतो. पाणी ढवळले की पेशीवर ताण येतो आणि आत एक विद्युतसंदेश धावतो. त्यामुळे पेशीतील सूक्ष्म पुटिकांमध्ये आम्लता वाढते. तिथे ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि साधारण एक दशांश सेकंद प्रकाश पडतो. ही दोन्ही नावे फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल द्युबुआ यांनी १८८०च्या दशकात रूढ केली. पाण्यात निळा प्रकाश सर्वांत लांब पोहोचतो, म्हणून समुद्रातले बहुतेक जीव निळाच प्रकाश देतात.

एवढी शक्ती खर्चून या जिवाला काय मिळते? त्याला खायला कोपेपॉड हा चिमुकला कवचधारी प्राणी येतो. त्याच्या हालचालीने प्रकाश पडला, की जवळच्या माशाला तो कोपेपॉडच दिसतो. घरात शिरलेल्या चोरावर शेजाऱ्याने बॅटरी मारावी, तशी ही युक्ती. वल्ह्यालाही हा जीव तोच प्रतिसाद देतो. दिवे आणि इंजिनाचा आवाज नसलेली, पाण्याला लगटून चालणारी कयाक म्हणूनच यासाठी सोयीची. पोर्टो रिकोतील मॉस्किटो बे या खाडीत पोहायला बंदी आहे, कयाक मात्र चालते.

आता उजनीकडे वळू. डायनोफ्लॅजेलेट गोड्या पाण्यातही राहतात, पण त्यांतला प्रकाशणारा प्रकार माहीत नाही. मुळात गोड्या पाण्यात प्रकाशणारे जीव बोटांवर मोजण्याइतके. न्यूझीलंडच्या ओढ्यांतील लाटिया ही गोगलगाय त्यांतले ठळक उदाहरण. डिवचल्यावर ती हिरवट चमकणारा चिकट स्राव सोडते. गोड्या पाण्यातील या दुर्मीळतेची काही कारणे शास्त्रज्ञ सुचवतात. समुद्र कोट्यवधी वर्षे अखंड आहे, तळी-सरोवरे मात्र भूगर्भीय काळाच्या हिशेबात लवकर भरून जातात. शिवाय गोडे पाणी अनेकदा गढूळ असते, तिथे इशाऱ्याचा प्रकाश लांब जात नाही. उजनी तर १९८० साली पूर्ण झालेले! पण वयाचे उत्तरही पुरेसे नाही. सायबेरियातील बैकाल सरोवर सुमारे अडीच कोटी वर्षे जुने आणि दीड किलोमीटरहून खोल आहे, तरी समुद्रासारखी प्रकाशमान जीवसृष्टी तिथे नाही.

अरबी समुद्रात मात्र हा प्रकाश वाढतो आहे, आणि ती सुखाची बातमी नाही. या शतकाच्या आरंभापासून तिथे हिवाळ्यात नॉक्टिल्यूका या प्रकाशणाऱ्या जिवाचे हिरवे थर पसरू लागले. कोलंबिया विद्यापीठातील जोकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी २०२०च्या अभ्यासात त्याचा संबंध हिमालय-तिबेटमधील घटत्या बर्फाशी जोडला. बर्फ कमी झाल्याने तिकडून येणारे हिवाळी वारे पूर्वीइतके थंड आणि कोरडे राहिले नाहीत. त्यामुळे समुद्राचा वरचा थर पुरेसा गार होऊन खाली बसत नाही आणि खालची पोषकद्रव्ये वर येत नाहीत. नॉक्टिल्यूकाचे मात्र अडत नाही : तो इतर सूक्ष्म जीव खातो, शिवाय त्याच्या पेशीत राहणारे शैवाल त्याला अन्न पुरवते. माशांना लागणारी डायटम ही सूक्ष्म शैवाले यात मागे पडतात. नॉक्टिल्यूका माशांच्या फारसा उपयोगाचा नाही. त्यावर ताव मारतात ते जेलीफिशसारखे प्राणी.

सोलापुरातून पाहायला जाणाऱ्यांनी हिवाळ्यातली अमावास्या गाठावी, जीवरक्षक जॅकेट घालावे आणि मोबाइल खिशात ठेवावा; डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. लाटा चमकल्या नाहीत, तर समुद्र बिघडला असे समजू नये. चमकल्या, तर तो निरोगी आहे असेही समजू नये. ते ठरवायला पाण्यातला ऑक्सिजन आणि कोळ्याच्या जाळ्यातली मासळी पाहावी लागते.