तांब्याने राखलेला धागा

प्रवरेच्या काठी नेवासे येथे 1954 ते 1956 या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. सुमारे 3,000 वर्षांपूर्वी तेथील लोक मृत बालकांना मातीच्या दोन कुंभांत ठेवीत, कुंभांची तोंडे एकमेकांस जुळवीत आणि ते घराच्याच जमिनीखाली पुरीत. लेकरू दूर जाऊ नये, असे त्यांना वाटत असावे.

अशा एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. त्या काळी तांबे दुर्मिळ. नित्याची पाती दगडाचीच असत. मण्यांवर हिरवा गंज चढला होता. पण आत ओवलेला धागा टिकून होता! एरवी धागा मातीत लवकर कुजतो. येथे मात्र तांब्याचे क्षार धाग्यात मुरले आणि त्याला कुजविणारे सूक्ष्म जीव जगू शकले नाहीत. तपासणीत तो धागा रेशमाचा व कापसाचा निघाला.