हालतीं चित्रें व त्यांतील काटकसर

हातानें करावयाच्या कामांत एकदां नीट केलेली वस्तु पुन्हां उपयोगांत आणण्याची बुद्धि मनुष्यास फार पूर्वीं सुचली आहे. छापखान्यांत खिळे जुळवून पुस्तकें छापीत, त्या काळीं 'क' हें अक्षर प्रत्येक ओळींत नव्यानें कोरीत नसत; या पानांतून सोडविलेला खिळा पुढच्या पानांत बसवीत. मुंबईकडील छापखान्यांनीं तर याहून एक पाऊल पुढें टाकलें होतें. देवनागरी अक्षराचें मुख्य अंग, त्यावरील मात्रा व त्याखालील उकार हीं निरनिराळ्या खिळ्यांनीं जुळविण्याची रीति तेथें रूढ होती. त्यामुळें थोड्या खिळ्यांत पुष्कळ अक्षरें साधत. हातानें काढलेल्या चित्रांस संगणकावर चालतें-बोलतें करण्याची जी कला हल्लीं विद्यार्थ्यांस इतकी आवडते, तिचें मर्महि बरेंचसें हेंच आहे.

या कलेंतील मुख्य अडचण संख्येची आहे. चित्रपटांत दर सेकंदास २४ चौकटी, म्हणजे फ्रेमा, डोळ्यांपुढून जातात. एकच चित्र लागोपाठ दोन चौकटींत ठेविलें तरी डोळ्यास हालचाल अखंड भासते. म्हणून सेकंदास १२ चित्रांवर काम भागवितां येतें. तरीहि दोन मिनिटांच्या लहानशा गोष्टीस १,४४० चित्रें लागतात. एका चित्रास दहाच मिनिटें धरिलीं तरी हे २४० तास झाले. शाळा सुटल्यावर रोज दोन तास बसणाऱ्या विद्यार्थ्याचे यांत १२० दिवस जातील. उत्साहानें आरंभिलेला चित्रपट पहिल्या अर्ध्या मिनिटांतच कां थांबतो, याचें उत्तर या गुणाकारांत आहे. अशा विद्यार्थ्यास चित्रकला येत नसते असें नव्हे. कोणतें अंग पुन्हां काढावयाचें व कोणतें काढावयाचें नाहीं, हा विवेक त्यास शिकविलेला नसतो.

ही अडचण संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. फ्रान्समध्यें एमिल कोल यानें १९०८ सालीं 'फांतास्मागोरी' हा चित्रपट सुमारें ७०० चित्रांतून सिद्ध केला. अमेरिकेंत विन्सर मॅके यानें १९१४ सालीं 'गर्टी' नांवाची डायनोसॉर पडद्यावर आणिली, तेव्हां प्रत्येक कागदावर तिच्यामागचा देखावाहि पुन्हां काढावा लागला. परंतु ती जागच्या जागीं डुलते किंवा श्वास घेते, अशा ठिकाणीं तींच चित्रें मॅकेनें फिरून फिरून कॅमेऱ्यापुढें ठेविलीं. त्याच सुमारास राऊल बारे यानें वरचा कागद कापून खालच्या कागदावरील स्थिर भाग दिसूं देण्याची युक्ति चालविली. आणि अर्ल हर्ड यास १९१५ सालीं पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावांविषयींचें पेटंट मिळालें. देखावा एकदांच रंगवावा व त्यावर पात्र काढलेले पारदर्शक ताव बदलीत जावें, ही पद्धति पुढें कित्येक दशकें चालली.

१९५७ सालीं स्थापन झालेल्या हॅना-बार्बेरा कंपनीस दूरचित्रवाणीसाठीं थोड्या खर्चांत पुष्कळ काम करावयाचें होतें. तिच्या योगी नामक अस्वलाच्या गळ्यांत कॉलर व टाय असे. ती नुसती ऐट नव्हती. डोकें व धड यांमधील सांधा त्या कॉलरखालीं झांके, आणि धड तेंच ठेवून डोकें मात्र हालवितां येई. जपानांत ओसामु तेझुका यानें १९६३ सालीं 'अ‍ॅटम'ची मालिका आरंभिली, तेव्हां चित्रांचा संग्रह करून तीं निरनिराळ्या भागांत पुन्हां वापरण्याची 'बँक' उभारली. पैशांप्रमाणें चित्रेंहि ठेव म्हणून ठेवितां येतात, हें या नांवांतच आलें.

आतां संगणकावर हें कसें घडतें तें पाहूं. ओपनटून्झ हें सॉफ्टवेअर २०१६ पासून विनामूल्य मिळतें. त्याचें मूळ इटलींतील 'टून्झ' या सॉफ्टवेअरांत असून जपानांतील घिब्ली स्टुडिओनें तें वापरिलें होतें. त्यांत 'एक्स्पोझर शीट' नांवाचा तक्ता असतो. उभ्या रकान्यांत चौकटींचे क्रमांक व आडव्या बाजूस निरनिराळे थर असतात: एका थरावर धड, दुसऱ्यावर डोकें, तिसऱ्यावर डोळे, चौथ्यावर तोंड. कोणत्या चौकटींत कोणत्या थराचें कितवें चित्र दिसावें, एवढेंच त्या तक्त्यांत लिहावयाचें असतें. पापणी लवण्यास उघडा, अर्धा मिटलेला व पूर्ण मिटलेला डोळा अशीं तीन चित्रें पुरतात. १, २, ३, २, १ असा क्रम लिहिला कीं पापणी लवली. ही तीन चित्रें चित्रपटभर उपयोगी पडतात.

तोंडाच्या बाबतींत आपलें व्याकरणच साहाय्यास येतें. प, ब, भ, म या ओष्ठ्य वर्णांस मिटलेले ओठ हवेत, 'व'ला खालचा ओठ वरच्या दांतांजवळ, 'आ'ला उघडें तोंड, 'ई' व 'ए' यांस ताणलेलें, 'ओ'ला वाटोळें, 'ऊ'ला आवळलेलें. क, ट, त, ल हे वर्ण तोंडाच्या आंत उच्चारिले जात असल्यामुळें त्यांस किंचित् उघडें असें एकच तोंड चालतें. ही सात चित्रें झालीं. 'मामा आला' हें वाक्य पाहा: मिटलेलें, उघडें, मिटलेलें, उघडें, किंचित् उघडें, उघडें, तीनच चित्रांत वाक्य पुरें झालें.

चालण्याचेंहि असेंच आहे. साधारण चालींत एका पावलास अर्धा सेकंद धरिला, तर उजवें व डावें मिळून १२ चित्रांचें चक्र होतें. बाराव्या चित्रानंतर पुन्हां पहिलें येतें, आणि तेवढ्यावर मनुष्य मिनिटभर काय, तासभर चालेल. पण येथें एक गणित संभाळावें लागतें. चक्रांतील मनुष्य कागदाच्या मध्यभागींच असतो. जमिनीस टेकलेला त्याचा पाय प्रत्येक चित्रांत ठराविक अंतर मागें सरकतो. देखावाहि त्याच दिशेनें तितकाच सरकला पाहिजे. तो कमीअधिक सरकला तर मनुष्य चालत नाहीं, बर्फावर घसरतो. तसेंच देखाव्याचें उजवें टोंक डाव्या टोंकाशीं बेमालूम जुळलें पाहिजे, व त्यांत एखादें विलक्षण झाड असूं नये. नाहीं तर तेंच झाड तिसऱ्यांदां आलेलें पाहून प्रेक्षक हंसूं लागतात.

हात वेगळा काढून खांद्याशीं व कोंपराशीं फिरविणें, ही दुसरी रीति. लोटे रायनिगर या जर्मन कलावतीनें १९२६ सालच्या 'प्रिन्स अहमद'मध्यें कातरून केलेल्या सांधेदार काळ्या आकृति अशाच हालविल्या होत्या. येथें सांध्याजवळ दोन्ही भागांचीं टोंकें समान वर्तुळाच्या आकाराचीं ठेवावीं व तीं एकावर एक यावींत. हात फिरविण्याचा मध्यबिंदु त्या वर्तुळाच्या मध्यावर असला म्हणजे हात कितीहि वळला तरी सांध्यांत भेग पडत नाहीं.

या सोयींबरोबर कांहीं धोकेहि येतात, ते विद्यार्थ्यानें आधींच जाणावे. तक्त्यांत तेंच चित्र दहा ठिकाणीं लिहिलें असेल, तर तें दहा ठिकाणीं नाहीं. तें एकच असून दहा वेळां दाखविलें जात आहे. त्यावर एक रेघ फिरविली कीं दहाहि ठिकाणीं बदल होतो. टोपीचा रंग बदलावयाचा असेल तर हें वरदान आहे. एकाच प्रसंगीं अश्रु दाखवावयाचा असेल तर हाच शाप होतो, कारण तो मनुष्य मागच्या हंसण्याच्या प्रसंगींहि रडतांना दिसेल. म्हणून एका ठिकाणापुरता बदल हवा असेल तर प्रथम त्या चित्राची स्वतंत्र प्रत करावी व मग तिच्यावर हात चालवावा. उजवीकडे पाहणारें पात्र उलटवून डावीकडे पाहणारें करितां येतें. परंतु लुगड्याचा पदर मग उजव्या खांद्यावर जातो, शिंपी डाव्या हातानें कातर धरितो व पाटीवरचीं अक्षरें उलटीं होतात. चित्र मोठें केलें कीं रेघहि जाड होते, व शेजारच्या पात्राशीं विजोड दिसते.

परंतु सर्वांत मोठा प्रश्न तंत्राचा नव्हे, विवेकाचा आहे. डिस्नेच्या १९७३ सालच्या 'रॉबिन हूड' चित्रपटांतील नृत्यांत १९३७ सालच्या 'स्नो व्हाइट'मधील हालचाली पुन्हां वापरल्या आहेत. दोन्ही प्रसंग शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे पात्रें निराळीं, पण हात तेच, गिरकी तीच असें स्पष्ट दिसतें. नृत्यांत हें खपून जातें. शोकांत, रागांत, पश्चात्तापांत खपत नाहीं. कारण दोन मनुष्यें एकसारखीं दुःखी होत नसतात, आणि तोच मनुष्यहि दोन वेळां एकसारखा दुःखी होत नाहीं. पापणी, पाऊल, चाक, पाऊस, ज्योत हीं स्वभावतःच पुनरावृत्त होणारीं आहेत. तीं खुशाल पुन्हां वापरावींत. गोष्टीचा ज्या क्षणावर भार आहे, तो क्षण मात्र नव्यानें काढावा. काटकसर करावयाची ती याच क्षणासाठीं वेळ उरावा म्हणून. तोच क्षण वगळावा म्हणून नव्हे.

आणखी एक गोष्ट. स्वतःचें चित्र पुन्हां वापरणें ही काटकसर. दुसऱ्याचें चित्र न विचारतां उचलणें ही चोरी. सॉफ्टवेअर विनामूल्य मिळालें म्हणून त्यांत आणलेलें प्रत्येक चित्र विनामूल्य होत नाहीं. उसनें घ्यावयाचें असेल तर परवानगी घ्यावी व चित्रपटाच्या शेवटीं त्या मनुष्याचें नांव द्यावें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं कोणी येत्या सुटींत असा प्रयत्न करणार असाल, तर आरंभीं पेन्सिल हातीं घेऊन दोन याद्या करा. पहिलींत पुन्हां पुन्हां येणारीं अंगें लिहा; दुसरींत एकदांच घडणारे प्रसंग लिहा. पहिली यादी जितकी लांब निघेल, तितका अधिक वेळ तुम्हांस दुसरीसाठीं मिळेल. आणि चित्रपट पाहून उठलेला मनुष्य जें बरोबर घेऊन जातो, तें बहुधा दुसऱ्या यादींतलेंच असतें.