विरळणीनंतरची दहा वर्षं

येऊरच्या डोंगरात किंवा कल्याणजवळ मलंगगडाच्या पायथ्याशी जंगल किती वाढलं, याचं उत्तर आपण झाडांच्या आकड्यात शोधतो. वृक्षारोपणाच्या मोहिमाही तशाच मोजल्या जातात. २०१९ च्या राज्यव्यापी मोहिमेचं लक्ष्य ३३ कोटी रोपांचं होतं. पण या उतारांवर झाडांपेक्षा झुडपं, वेली, कंद आणि गवतं यांच्या जाती कितीतरी अधिक आहेत. शेवळं, भारंगी, रानहळद, मुसळी, कळलावी, तेरडा, कारवी यांचं आयुष्य झाडांच्या पायाशी जातं. पावसाळा लागला की आदिवासी बायका ठाणे-कल्याणच्या बाजारात ज्या रानभाज्या घेऊन बसतात, त्यांतल्या बऱ्याचशा याच थरातून येतात. म्हणून माझं म्हणणं असं, की दाटीवाटीने लावलेल्या एकाच जातीच्या लागवडीची विरळणी, म्हणजे मधली काही झाडं काढणं, व्हायलाच हवी, आणि ती लाकडासाठी नव्हे, या खालच्या थरासाठी.

दाट तरुण जंगलाखाली काय घडतं, हे सूचीपर्णी जंगलांत बारकाईने तपासलं गेलं आहे. आग्नेय अलास्कातल्या स्प्रूस-हेमलॉकच्या जंगलांविषयी पॉल अलाबॅक यांनी १९८२ मध्ये दाखवून दिलं, की तोडीनंतर २५ ते ३५ वर्षांत नव्या झाडांचे शेंडे एकमेकांना भिडतात, जमिनीवरची हिरवळ जवळजवळ नाहीशी होते आणि पुढची शंभरेक वर्षं परतत नाही. ऑरेगॉनमध्ये १९९० च्या दशकात डग्लस फरच्या तरुण जंगलात कमी-अधिक विरळणी करून पुढे वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या गेल्या. सुरुवातीला तिथे नुकसानच झालं: झुडपं मोडली, शेवाळं घटली. बुटकी झुडपं नंतर सावरली, आणि पाच-सात वर्षांनी उजेडात वाढणाऱ्या लहान वनस्पतींनी जोर धरला. जुन्या जंगलातल्या सावलीप्रिय जातीही टिकल्या. पहिल्या-दुसऱ्या वर्षीच निकाल दिला असता, तर तो उलटा लागला असता.

ठाण्यात फर नाही. इथे साग, गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ आहे. सूचीपर्णी झाड बारा महिने सावली धरतं, साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो. यात दिलासा वाटतो, पण आपले कंद पावसाळ्यात वाढतात आणि नेमकी तेव्हाच सागाची मोठाली पानं आभाळ झाकतात. ऑस्ट्रेलियन बाभूळ तर सदाहरित, आणि तिचा जाड पाचोळा लवकर कुजत नाही. साग दोन-दोन मीटरवर लावला तर हेक्टरी २,५०० रोपं बसतात. टप्प्याटप्प्याने विरळणी होणार हे त्यात गृहीतच असतं. गिरिपुष्प तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटतं, त्यामुळे तिथे एकदा कुऱ्हाड चालवून भागत नाही.

उकाड्याने हैराण झालेल्या शहराशेजारी झाडं तोडायची कशी, हा आक्षेप रास्त आहे. पण विरळणीत सगळी सावली जात नाही. राहिलेली झाडं फांद्या पसरतात आणि काही वर्षांत वरचं छत पुन्हा मिटतं. लाकूडचोरीची भीतीही खरी. त्यासाठी खुणा केलेल्या झाडांची यादी गावासमोर ठेवावी. येऊरच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तोडीवर कडक बंधनं आहेत, ती असावीतच. सुरुवात हद्दीबाहेरच्या लागवडींतून करता येईल. मला सर्वांत गंभीर वाटतो तो वेगळाच आक्षेप: आपल्याकडे उजेड पडला की आधी धावून येतात रानमोडी आणि घाणेरी ही आक्रमक तणं. ऑरेगॉनचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू होत नाही, तो यामुळे. शिवाय उघड्या जागी गवत माजतं आणि ते वाळलं की वणवा पेटतो. मलंगगड परिसरातल्या मांगरूळच्या टेकडीवर २०१७ मध्ये लोकसहभागातून लावलेल्या लाखभर रोपांपैकी हजारो आगीत गेली. तेव्हा एका दमात अर्धं रान मोकळं न करता थोडी थोडी झाडं काढावीत, रानमोडी फुलण्याआधी उपटावी, जाळरेषा राखाव्यात.

आणि वाट पाहावी. राष्ट्रीय उद्यानात कारवी २०१६ मध्ये फुलली, मग थेट २०२४ मध्ये. अशा वनस्पतीचा हिशेब एका आर्थिक वर्षात लागत नाही. वनविभागाने तोडीआधीच्या पावसाळ्यातच खालच्या वनस्पतींची जातवार नोंद करावी आणि ती निदान दहा वर्षं चालू ठेवावी. ठाण्याच्या बांदोडकर आणि कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या कामात घ्यावं, आणि शेवळं कुठे उगवायची थांबली हे ज्यांना ठाऊक आहे, त्या पाड्यांवरच्या बायकांना मानधन देऊन सोबत घ्यावं.