सपोर्ट संपला विंडोज १०चा, कॉम्प्युटरचा नाही

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा मोफत सपोर्ट थांबवला. तेव्हापासून धडधाकट लॅपटॉप कवडीमोलाने एक्स्चेंजमध्ये जात आहेत. "हा आता चालायचा नाही, नवाच घ्या," एवढं ऐकून लोक हजारो रुपये मोजतात. ते विधान चुकीचं आहे, आणि ज्या घरात मुलांच्या अभ्यासापासून हिशेबापर्यंत सगळं एकाच कॉम्प्युटरवर चालतं, त्या घराला ते फार महागात पडतं.

विंडोज १० बंद पडलेलं नाही. तारीख उलटली म्हणून मशीन सुरू व्हायचं राहत नाही, फायली उडत नाहीत, प्रिंटर अडत नाही. थांबल्या त्या नव्या सुविधा, मायक्रोसॉफ्टची तांत्रिक मदत आणि, सगळ्यांत महत्त्वाचं, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या. ब्राउझरही त्याच दिवशी हात वर करत नाहीत. विंडोज ७चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, पण क्रोमने त्याची साथ सोडली ती २०२३ मध्ये.

मात्र यावरून "चालतंय ना, मग चालू द्या, अँटिव्हायरस आहेच" असा निष्कर्ष काढणं पहिल्या गैरसमजापेक्षा घातक आहे. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा सायबर हल्ला आठवा. विंडोजमध्ये नेटवर्कवर फायली शेअर करणाऱ्या सेवेत एक चूक होती. तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. १२ मेला हल्ला सुरू झाला, तेव्हा कुणी संशयास्पद मेल उघडण्याची, लिंकवर क्लिक करण्याची गरजच नव्हती. एका मशीनमधून दुसऱ्यात तो आपला आपण शिरत गेला, फायली कुलूपबंद करून खंडणी मागत गेला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना हजारो अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपला होता, तरी मायक्रोसॉफ्टला त्याच्यासाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली. पण बळी पडलेली बहुतेक मशीन्स एक्सपीची नव्हतीच. ती विंडोज ७ची होती. सपोर्ट चालू होता, दुरुस्ती तयार होती, फक्त ती टाकलेली नव्हती. महिनोन्महिने 'अपडेट नंतर' असं बटण दाबत राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

अँटिव्हायरस हा दारावरचा पहारेकरी आहे. भिंतीला पडलेलं भगदाड बुजवणं त्याच्या हातात नाही. आणि इथे धोका दर महिन्याला वाढतो. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा कोड सामाईक आहे. ११साठी दुरुस्ती बाहेर पडली की हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल ताडून पाहतात, चूक नेमकी कुठे होती ते शोधतात, आणि तीच चूक दुरुस्ती न मिळालेल्या १०मध्ये उघडी पडलेली असते.

मग दुरुस्त्या मिळण्याचा मार्गच उरला नाही का? उरला आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे याचं मला वाईट वाटतं. वैयक्तिक वापराच्या कॉम्प्युटरसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली आहे. विंडोज १०ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. सेटिंग्ज सिंक केली तर एक पैसाही पडत नाही. ते नको असेल तर ३० डॉलर भरूनही नोंदणी करता येते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर ती सोय दिसते. कार्यालयांसाठी वेगळी योजना आहे, तीन वर्षांपर्यंतची: पहिल्या वर्षी दर मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. शिक्षणसंस्थांना हाच दर पहिल्या वर्षी फक्त १ डॉलर आहे. शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबचा निकाल लावण्याआधी मुख्याध्यापकांनी एवढी चौकशी नक्की करावी.

आता दुसरा मार्ग, विंडोज ११चा, आणि त्यासाठी लागणारं हार्डवेअर. "विंडोज ११ माझ्या मशीनवर चालत नाही" असं सांगणाऱ्या अनेकांच्या मशीनवर ते चालतं. अडतं बहुधा टीपीएम २.० वर. कुलपांच्या किल्ल्या आणि पासवर्डशी संबंधित गुपितं बाकीच्या यंत्रणेपासून वेगळी ठेवणारा हा सुरक्षा घटक आहे. पुष्कळदा त्याची वेगळी चिप नसते. इंटेलमध्ये तो पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने आतच असतो, फक्त बंद ठेवलेला असतो. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून 'टीपीएम डॉट एमएससी' टाइप केलं (अर्थात इंग्रजीत) की तो चालू आहे का ते दिसतं. सापडला नाही असं उत्तर आलं तरी खचू नका. मशीन सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जा आणि ही नावं शोधा. त्याआधी एक काळजी घ्या: डिस्कवर बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, कारण हा बदल केल्यावर विंडोज ती मागू शकतं.

प्रोसेसरच्या अटीला मात्र अशी पळवाट नाही. इंटेलची आठवी पिढी, म्हणजे साधारण २०१७च्या उत्तरार्धानंतरची, किंवा एएमडी रायझन २००० मालिकेपासून पुढचे प्रोसेसर लागतात. "हा निव्वळ नवे कॉम्प्युटर खपवण्याचा डाव आहे," असं सर्रास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. विंडोज ११ कर्नलभोवती, म्हणजे आपल्या गाभ्याभोवती, जे संरक्षण उभं करतं, ते जुन्या प्रोसेसरवर वेग खातं. त्यामुळे अटीला तांत्रिक आधार आहे. पण सातव्या पिढीतल्या मोजक्या प्रोसेसरना मायक्रोसॉफ्टने नंतर सूट दिली, आणि त्यांतला एक मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २ या कॉम्प्युटरमध्ये होता. याचा अर्थ ही रेषा निसर्गाने आखलेली नाही, कंपनीने आखली आहे. खरी तांत्रिक भिंत बरीच मागे आहे: २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ला प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी आणि एसएसई ४.२ या सूचना लागतात. कोअर २ ड्युओच्या जमान्यातल्या मशीनवर ती सुरूच होत नाही.

अट चुकवून विंडोज ११ टाकून देणारे तंत्रज्ञ गल्लोगल्ली आहेत. ते चालतं, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. दुरुस्त्या मिळाव्यात म्हणून एवढा खटाटोप करायचा आणि त्यांचीच खात्री नसावी, हे मला पटत नाही.

त्यापेक्षा लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा विचार करा. "ते इंजिनिअर लोकांचं काम" ही समजूत जुनी झाली. लिनक्स मिंट २२ या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. पेनड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कला हात न लावता ते पाहता येतं: वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का. युनिकोड मराठी इनस्क्रिप्टने नीट टाइप होतं. अडचणी आहेत त्या ठरावीक ठिकाणी. टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आधी तपासावा लागतो. आणि डीटीपी करणाऱ्यांच्या श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधल्या फायली युनिकोडमध्ये आणेपर्यंत विंडोज सोडता येत नाही.

लिनक्समध्ये जुनं हार्डवेअर कायम चालतं, हाही भ्रमच. ३८६ प्रोसेसरचा आधार लिनक्सच्या कर्नलने २०१२च्या अखेरीस काढून टाकला, आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स आवृत्तीचा इन्स्टॉलर ३२-बिट पीसीसाठी मिळत नाही. ॲपलनेही मॅकओएस २६ ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती असल्याचं जाहीर केलं आहे. जुन्या मशीनवर प्रत्येक बदल तपासून पाहायला माणसं आणि वेळ लागतो, मग ती कंपनी असो की स्वयंसेवक.

सगळं पाहून मशीन द्यायचंच ठरलं, तर नुसतं फॉरमॅट करून देऊ नका. क्विक फॉरमॅटने फायलींची यादी जाते, फायली बहुधा तिथेच राहतात आणि साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतात. विंडोज १०मध्ये 'रीसेट धिस पीसी' निवडा, सगळं काढून टाकण्याचा पर्याय घ्या आणि त्यातल्या सेटिंग्जमध्ये जाऊन डेटा पुसण्याचं बटण चालू करा. हार्ड डिस्क असेल तर याला काही तास लागतात. चार्जर लावून ठेवा आणि मध्येच बंद करू नका.