दोन षड्जांचं राष्ट्रगीत

दक्षिण आफ्रिकेचं राष्ट्रगीत एका पट्टीत सुरू होतं आणि दुसऱ्या पट्टीत संपतं. जी मेजरमध्ये उचललेलं गाणं मध्यावर डी मेजरमध्ये जातं. आपल्या हिशेबाने सांगायचं तर पहिल्या भागाचा पंचम हाच दुसऱ्या भागाचा षड्ज होतो. फार थोड्या राष्ट्रगीतांत असं घडतं, आणि इथे ते घडलं कारण मुळात ही दोन गाणी होती, एकमेकांच्या विरोधात उभी असलेली.

पहिलं गाणं इनॉक सोन्टोंगाचं. जोहान्सबर्गजवळच्या मेथडिस्ट मिशन शाळेतला हा शिक्षक गायकवृंदही चालवायचा. ‘न्कोसी सिकेलेल इआफ्रिका’ ही प्रार्थना त्याने १८९७ साली रचली. मिशन शाळांतून तेव्हा टॉनिक सोल-फा ही स्वरलिपी रुजली होती. पाच रेघांची पाश्चात्त्य लिपी छापायला खर्चिक. सोल-फात मात्र प्रत्येक स्वराला एक अक्षर, भातखंड्यांच्या लिपीसारखंच, आणि षड्ज ज्याने त्याने सोयीने धरायचा. वाद्य नको, पियानो नको. अशा कागदांवरून मुलं सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास अशा चार सुरावटी एकत्र गायला शिकली. सोन्टोंगा १९०५ मध्ये वारला. त्याची गाण्यांची वही इतर वृंदप्रमुख त्याच्या पत्नीकडून मागून नेत असत, पुढे ती हरवली. गाणं मात्र १९१२ साली ब्लूमफॉन्टेनला, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचा पाया घातला गेला त्या सभेत गायलं गेलं. मोर्चा असो की अंत्ययात्रा, जमलेले लोक कुणी न सांगता आपापला आवाज धरून ते चार पदरांत गाऊ लागत. वर्णभेदी राजवटीला हे बंडाचं गाणं वाटलं, यात नवल नाही.

दुसरं ‘डी स्टेम’. सी. जे. लांगेनहोव्हेन यांची १९१८ची आफ्रिकान्स कविता, एम. एल. दे व्हिलिअर्स यांची १९२१ची चाल. १९५७ पासून हेच देशाचं एकमेव अधिकृत राष्ट्रगीत झालं. आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्या आफ्रिकानरांच्या डोळ्यांत त्याने पाणी येई. कृष्णवर्णीयांना त्यात त्यांच्यावर राज्य करणाऱ्यांचाच आवाज ऐकू येई. ऑगस्ट १९९२ मध्ये एलिस पार्कवर न्यूझीलंडविरुद्धच्या रग्बी सामन्याआधी हिंसाचारातल्या मृतांसाठी मौन पाळायचं ठरलं होतं. प्रेक्षकांनी त्या वेळी ‘डी स्टेम’ गायलं. ती जखम खोल होती.

म्हणूनच १९९४ मध्ये वर्णभेदी राजवट संपताना आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे नेते नेल्सन मंडेला यांनी ते गाणं ठेवण्याचा आग्रह धरला, याचं मला मोठं मोल वाटतं. पक्षातल्या सहकाऱ्यांना ते नको होतं. जिंकलेल्याने हरलेल्याचं गाणं पुसायचं, हाच जगाचा रिवाज. इथे दोन्ही गीतं अधिकृत झाली. १९९५च्या विश्वचषकापूर्वी रग्बी संघातले गोरे खेळाडू ‘न्कोसी’चे अनोळखी शब्द शिकायला बसले. परक्याचं गाणं ऐकून घेणं एक वेळ जमतं. ते स्वतःच्या छातीतून काढायचं तर श्वास कुठे घ्यायचा इथपासून सगळं त्याचंच स्वीकारावं लागतं.

पण दोन गीतं सलग गायची तर फार वेळ लागे. मग एका समितीकडे काम आलं. तिच्यात आफ्रिकी भाषांचे प्राध्यापक आणि वृंदसंगीताचे मोठे रचनाकार म्झिलिकाझी खुमालो होते, संगीतकार जीन झायडेल-रुडॉल्फही होत्या. काटछाट दोन्हीकडे झाली. ‘डी स्टेम’मधलं निळं आकाश आणि समुद्र राहिला, गोऱ्या वसाहतकारांच्या बैलगाड्यांच्या ओळी गेल्या. ‘न्कोसी’तली पवित्र आत्म्याला साद घालणारी जागाही गाळली गेली. शेवटच्या इंग्रजी ओळी झायडेल-रुडॉल्फ यांनी लिहिल्या. १९९७ मध्ये खोसा, झुलू, सेसोथो, आफ्रिकान्स आणि इंग्रजी अशा पाच भाषांचं, दोनेक मिनिटांचं राष्ट्रगीत तयार झालं.

दोन्ही चाली एका पट्टीत आणणं अवघड नव्हतं. तसं केलं नाही, हे मला फार योग्य वाटतं. पट्टी बदलते तिथे गाणाऱ्याला क्षणभर सावध व्हावंच लागतं.

वाद मिटलेला नाही. ‘एकॉनॉमिक फ्रीडम फायटर्स’ या पक्षाला ‘डी स्टेम’चा भाग आजही नको आहे, वर्णभेदाची आठवण आम्ही का गावी, असं त्यांचं म्हणणं. जमीन आणि संपत्तीची वाटणी इतकी विषम असताना हा राग खोटा म्हणता येत नाही. तरीही तो भाग राहावा असं मला मनापासून वाटतं, कारण तो काढला तर आफ्रिकानर मुलाला ‘न्कोसी’ शिकायला सांगण्याचा हक्कही दुबळा होईल.