मनगटावरची 77.5 सेकंदं

कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर. पुणे-अहिल्यानगर महामार्गावर कंटेनरची वर्दळ वाढण्याआधीच पळून घेतलेलं बरं. पोलीस शिपाई भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या डोक्यात आकडा एकच असतो: 5 मिनिटे 10 सेकंद. तेवढ्यात 1600 मीटर संपले, तर पुरुषांना 20 पैकी 20 गुण.

400 मीटरच्या ट्रॅकवर हे चार फेरे, म्हणजे फेरीला 77.5 सेकंद. पहिली फेरी जोशात 70 सेकंदांत मारणारा शेवटच्या फेरीत हमखास ढेपाळतो. म्हणून घड्याळात सर्वांत मोलाचं बटण ‘लॅप’चं: प्रत्येक फेरीची वेळ वेगळी साठते आणि चूक कुठे झाली ते दिसतं. नुसती वेळ मोजायला मात्र महागडं घड्याळ लागत नाही. 1989 पासून बाजारात असलेलं साधं कॅसिओ एफ-91डब्ल्यू सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ मोजतं. फक्त लॅपची नोंद त्यात साठत नाही.

जीपीएस घड्याळ महामार्गालगतच्या सरळ रस्त्यावर कामाचं, पण ट्रॅकच्या वळणावर त्याचं अंतर चुकू शकतं. तिथे आखलेल्या रेषेवरच भरवसा ठेवावा. तोही आतल्या लेनमध्ये, कारण आठव्या लेनची एक फेरी सुमारे 453 मीटर भरते!

काही घड्याळांच्या तळाशी असलेला हिरवा दिवा रक्तप्रवाहातल्या बदलांवरून नाडी मोजतो. पट्टा सैल असला की आकडे वेडेवाकडे येतात.

तुलनेसाठी: बीडच्या मांडव्याच्या अविनाश साबळेने 2024 मध्ये पॅरिसला 3000 मीटर स्टीपलचेस 8:09.91 मध्ये संपवली. किलोमीटरला सुमारे 2 मिनिटे 43 सेकंद, तेही अडथळे ओलांडत.