दहाचा सांबार द्या!

पुण्यात आले त्याच आठवड्यात माझी पहिली विकेट पडली, तीही भाजीवाल्यासमोर. म्हटलं, 'काका, दहाचा सांबार द्या.' 'सांबार? मग पलीकडं उडप्याकडं जा की!' मागची गर्दी फिदीफिदी हसली. त्यांच्या डोळ्यांपुढे इडली. मला हवी होती कोथिंबीर. मारेगावच काय, यवतमाळ-नागपूरकडे आम्ही तिला सांबारच म्हणतो. नागपूरची फेमस सांबारवडी म्हणजे पोटात कोथिंबीर भरलेली खुसखुशीत वडी!

बरं, 'शुद्ध' कोथिंबीर तरी एकट्या मराठीची कुठाय? संस्कृतातली कुस्तुंबरी, कन्नडमधली कोत्तंबरी, तेलुगूतली कोत्तिमीर, सगळ्या तिच्याच नात्यातल्या.

हे तेव्हा कुठे ठाऊक होतं? मी 'कोथिंबीर' इतकी घोटली की दिवाळीत घरीही तोंडातून तेच आलं. सांबार चिरता चिरता आई थांबली. 'मोठी पुण्याची झाली वं तू!' ती हसली खरी; मला मात्र लागलं.

आता बाजारात कोथिंबीर, स्वयंपाकघरात सांबार. परवा माझी कोल्हापूरची रूममेट ओरडली, 'अगं, सांबार संपला!' आईला लगेच फोन लावला.

तुमच्या घरातला असा कुठला शब्द लाजून बसलाय?